‘आहे’ वेगळं आणि ‘दाखवा’ वेगळं: आर्किकॅडच्या ऑब्जेक्टमधले भाग कुठे दिसावेत, कुठे नाहीत



गेल्या व्हिडिओत आपण मॉड्युलर किचनच्या खालच्या कपाटाचा ऑब्जेक्ट आर्किकॅडमध्ये बनवला. लांबी बदलली की शटर आपोआप वाढतात, ट्रॉली हवी तर येते, हे सगळं झालं. पण शेवटची दहा मिनिटं मी घाईत उरकली, आणि खरं सांगायचं तर याच दहा मिनिटांच्या कामाचे पैसे मिळतात. म्हणून आज सविस्तर लिहितोय. चहा घेऊन बसा, थोडं लांब आहे.

आधी माझी चूक सांगतो.

सुरुवातीच्या काळात आम्ही दोघं मिळून किचन बनवणाऱ्या एका कारखान्यासाठी ऑब्जेक्ट तयार करून द्यायचो. कारखाना ते आर्किटेक्टना द्यायचा, आर्किटेक्ट आपल्या प्लॅनमध्ये बसवायचे आणि त्यातूनच ट्रॉली, शटर, बिजागऱ्या यांची यादी निघायची. एका इमारतीचं काम आलं. १४ फ्लॅट, प्रत्येकात ३ ट्रॉल्या. म्हणजे ४२. यादी निघाली ३० ची. कोणी मोजून बघितलं नाही, कारण यादी कॉम्प्युटरने काढली होती ना! कारखान्याने ३० ट्रॉल्यांचं कोटेशन दिलं, ते मंजूर झालं, आणि साइटवर माल लावताना १२ ट्रॉल्या कमी पडल्या.

काय झालं होतं? आमच्या ऑब्जेक्टमध्ये ‘ट्रॉली’ नावाचं एकच बटण होतं. पहिल्या मजल्याचा १:१०० चा प्लॅन प्रिंट केला तेव्हा किचनच्या जागी रेषांचा काळा डाग दिसत होता. ड्राफ्ट्समनने काय करावं? त्याने त्या मजल्यावरच्या चारही फ्लॅटमधली ‘ट्रॉली’ बंद केली. प्लॅन स्वच्छ झाला. पण आमच्या दृष्टीने ‘ट्रॉली बंद’ म्हणजे ‘या कपाटात ट्रॉलीच नाही’. यादीतून १२ ट्रॉल्या गेल्या.

ड्राफ्ट्समनची चूक? मुळीच नाही. त्याला रेषा लपवायच्या होत्या आणि आम्ही त्याला दुसरा मार्गच ठेवला नव्हता. त्या १२ ट्रॉल्यांचा अर्धा खर्च आम्ही सोसला. त्या कामात मिळालेले पैसे गेले, वर खिशातूनही थोडे गेले.

आता मुद्द्यावर येऊ. आर्किकॅड हे हंगेरीतल्या बुडापेस्टच्या ग्राफिसॉफ्ट कंपनीचं सॉफ्टवेअर आहे. त्यातले दरवाजे, खिडक्या, कपाटं, बेसिन हे सगळे ऑब्जेक्ट जीडीएल नावाच्या भाषेत लिहिलेले असतात. जिऑमेट्रिक डिस्क्रिप्शन लँग्वेज. ज्यांनी शाळेत बेसिक भाषा शिकली असेल त्यांना ती ओळखीची वाटेल. इफ, देन, फॉर, नेक्स्ट, तेच सगळं. (एक गंमत: लांबीला ‘ए’, खोलीला ‘बी’, आणि उंचीला? ‘झेडझेडवायझेडएक्स’! कुणी ठरवलं देव जाणे, पण प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये ते असतं.) कमांडची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय. स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर दिसतातच.

ऑटोकॅडवरून येणारे लोक इथे हमखास फसतात. ऑटोकॅडच्या ब्लॉकमध्ये शटरच्या रेषा एका लेयरवर, हँडलच्या दुसऱ्या लेयरवर ठेवता येतात. हँडलचा लेयर बंद केला की हँडल गायब. आर्किकॅडमध्ये एक ऑब्जेक्ट म्हणजे एक वस्तू, आणि ती एकाच लेयरवर बसते. लेयर बंद केला तर सगळं कपाटच जाईल. फक्त हँडल लपवायचं असेल तर ती सोय ऑब्जेक्टच्या आत, स्क्रिप्टमध्येच करावी लागते. म्हणजे कुठल्या ड्रॉइंगमध्ये कुठला भाग दिसणार, हे ठरवायची जबाबदारी स्क्रिप्ट लिहिणाऱ्यावर, म्हणजे आपल्यावर येते. आपण ठरवलं नाही तर ड्राफ्ट्समन त्याच्या पद्धतीने ठरवतो. मग होतात १२ ट्रॉल्या कमी.

म्हणून पहिलं काम म्हणजे दोन वेगळे पॅरामीटर. एक ‘ट्रॉली आहे’, दुसरा ‘ट्रॉली दाखवा’. यादी फक्त पहिल्यावरून निघेल. ड्रॉइंग काढताना दोन्ही बघायचे: आहे का, आणि दाखवायची आहे का. दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तरच रेषा काढायची. ऐकायला इतकं सोपं वाटतं की लोक म्हणतात, सर यात काय विशेष! पण बाजारात फुकट मिळणारे कितीतरी ऑब्जेक्ट उघडून बघा, एकाच बटणावर दोन्ही कामं टाकलेली दिसतील. ट्रॉली, हँडल, स्कर्टिंग, वरचं कपाट, चिमणी, सिंक, ज्याचे पैसे लागतात अशा प्रत्येक भागाला ‘आहे’ आणि ‘दाखवा’ वेगळं ठेवा. ज्याचे पैसे लागत नाहीत त्याला, उदाहरणार्थ शटर उघडण्याच्या तिरक्या रेषांना, नुसतं ‘दाखवा’ पुरे.

आता ‘दाखवा’ हे बटण माणसाने किती वेळा दाबायचं? शक्यतो एकदाही नाही. इथे स्केल कामाला येतं.

जीडीएलमध्ये ‘ग्लोब स्केल’ नावाची एक तयार किंमत मिळते. ड्रॉइंग १:१०० चं असेल तर ती १०० असते, १:५० असेल तर ५०, १:२० असेल तर २०. टूडी स्क्रिप्टमध्ये आपण म्हणायचं: ही किंमत ५० किंवा त्याहून कमी असेल तर शटरच्या रेषा काढ, २० किंवा कमी असेल तर प्लायची जाडीही काढ. झालं. तोच ऑब्जेक्ट मंजुरीच्या नकाशात साधा चौकोन दिसतो आणि सुताराला द्यायच्या ड्रॉइंगमध्ये सगळ्या तपशिलासकट. एक लक्षात ठेवा, आकडा मोठा म्हणजे ड्रॉइंग लहान. नवीन मुलं इथे चिन्ह उलटं टाकतात आणि मग १:२० मध्ये रिकामा डबा, १:१०० मध्ये सगळी बारीक कलाकुसर. मीही टाकलंय, लाजायचं कारण नाही.

कुठल्या स्केलला काय दाखवायचं, याचा माझा अंदाज सांगतो. १:१०० ला खालच्या कपाटाची फक्त बाहेरची रेषा, ओट्याची कड, सिंक आणि शेगडीचं साधं चिन्ह. बस्स. १:५० ला युनिटच्या विभागण्या, म्हणजे कुठे ट्रॉली, कुठे शटर, आणि दार उघडण्याची दिशा. १:२० ला प्लायची जाडी, शटर आणि बॉडीमधली फट, हँडल. सरळ हिशोब करा ना: १८ मिलिमीटरचा प्लाय १:१०० मध्ये कागदावर ०.१८ मिलिमीटर होतो. त्याच्या दोन्ही कडांना रेषा काढल्या तर प्रिंटरवर दोन रेषा दिसणारच नाहीत, एक जाड रेघ दिसेल. काळा डाग येतो तो इथून. भाग दाखवायचा की नाही असा प्रश्न पडला की त्याचं माप स्केलने भागा. उत्तर १ मिलिमीटरपेक्षा कमी आलं तर मी तो भाग सहसा लपवतो. हा माझा नियम आहे, पुस्तकातला नाही.

भिंतीवरचं कपाट ही वेगळी गोष्ट. ते प्लॅनच्या कापाच्या वर असतं, म्हणून तुटक रेषेत दाखवायची पद्धत आहे. ते लपवू नका. मला एका ऑफिसने सांगितलं होतं, प्लॅन स्वच्छ हवा, वरचं काहीच नको. मी सगळं काढून टाकलं. पुढे इलेक्ट्रिशियनने प्लॅन बघून नेमका त्या जागी दिव्याचा पॉइंट काढला. तुटक रेषेचा लाइन टाइप मात्र स्क्रिप्टमध्ये नावाने पक्का करू नका. तुमच्या फाइलमध्ये त्या नावाचा लाइन टाइप असेल, समोरच्याच्या फाइलमध्ये नसेल. पॅरामीटर द्या, त्यांना त्यांचा निवडू द्या. पेनचंही तसंच. एका ऑफिसमध्ये ३ नंबरचा पेन बारीक असतो, दुसऱ्यात तोच जाड. बाहेरच्या रेषेचा पेन, आतल्या रेषेचा पेन, वरच्या कपाटाचा पेन, असे तीन पॅरामीटर ठेवलेत तर कुठल्याही ऑफिसमध्ये तुमचा ऑब्जेक्ट परका वाटत नाही.

आता दोन छोट्या गोष्टी, पण यावरून फोन फार येतात.

पहिली, हॉटस्पॉट. ऑब्जेक्ट माउसने जिथे पकडता येतो ते बिंदू. ते प्रिंटमध्ये येत नाहीत. म्हणून ते स्केलच्या अटीत कधीच अडकवू नका, अटीच्या बाहेर ठेवा. नाहीतर १:१०० च्या व्ह्यूमध्ये ड्राफ्ट्समनला कपाटाचा कोपरा सापडत नाही आणि तो अंदाजाने बसवतो.

दुसरी, रेषांवर फिल. तुम्हाला वाटतं, ओट्याला पांढरा फिल दिला की खालच्या कपाटाच्या रेषा झाकल्या जातील. जात नाहीत! कारण जीडीएलमध्ये तुम्ही काही सांगितलं नाही तर आधी फिल काढले जातात, मग त्यांच्यावर रेषा, आणि सगळ्यात वर अक्षरं. स्क्रिप्टमध्ये ओळी कशाही मागेपुढे लिहा, क्रम हाच. तो बदलायला ‘ड्रॉइंडेक्स’ कमांड आहे. कपाटाच्या रेषांआधी ड्रॉइंडेक्स १०, ओट्याच्या फिलआधी २०, सिंकच्या रेषांआधी ३०. आकडा लहान ते आधी, म्हणजे खाली. यावर माझी एक पूर्ण संध्याकाळ गेली आहे, तुमची जाऊ नये.

काही जण विचारतील, टूडी स्क्रिप्ट वेगळी लिहायचीच कशाला? ‘प्रोजेक्ट२’ कमांड आहे, थ्रीडीचीच सावली प्लॅनमध्ये पाडते. बरोबर आहे, एका ओळीत काम होतं, आणि एखादा ऑब्जेक्ट घाईत दाखवायचा असेल तर मीही वापरतो. पण विकायच्या ऑब्जेक्टमध्ये शक्यतो नको. एक तर प्रत्येक वेळी प्लॅन उघडला की कॉम्प्युटर सगळी थ्रीडी परत मोजतो. १४ फ्लॅटमधली किचनं असली की प्लॅन सरकवताना अडखळायला लागतो आणि ऑफिसवाले म्हणतात, ‘तुमचे ऑब्जेक्ट जड आहेत.’ आणि दुसरं, थ्रीडीमध्ये जे आहे तेच प्लॅनमध्ये येतं. मग हा भाग इथे दाखवा, तो नको, वरचा तुटक दाखवा, हा सगळा ताबा हातातून जातो.

थ्रीडीमध्ये लपवायचं असतं ते मुख्यतः दोन कारणांसाठी. फाइल हलकी राहावी आणि नको त्या कडा दिसू नयेत. हँडलचा गोल दांडा घ्या. गोल वस्तूचे किती तुकडे करायचे ते ‘रेझॉल’ ठरवतं आणि काही न सांगता ते ३६ असतं. बोटाएवढ्या जाडीच्या हँडलला ३६ बाजू! एका किचनमध्ये २० हँडल, असे १४ फ्लॅट. तिथे रेझॉल ८ केलं तरी डोळ्याला फरक कळत नाही. आणि कडांचं म्हणाल तर ‘प्रिझम’ कमांडमध्ये प्रत्येक बिंदूला एक आकडा द्यावा लागतो. बहुतेक जण पाहून पाहून १५ लिहितात. हा १५ येतो कुठून? १ म्हणजे खालची कड, २ म्हणजे उभी कड, ४ म्हणजे वरची कड, ८ म्हणजे बाजूचा पृष्ठभाग. सगळ्यांची बेरीज १५. उभी कड नको असेल तर १५ मधून २ वजा, म्हणजे १३. दोन युनिट शेजारी लागून एकसंध फळी दिसायला हवी असते, तिथे मधली उभी रेष अशी घालवायची. एकदा हे कळलं की एलिव्हेशनमधल्या नको त्या अर्ध्या रेषा तुम्ही आकड्यावरच संपवाल.

एलिव्हेशनमध्ये शटरवर तिरक्या रेषा काढायची पद्धत आहे, दार कुठून उघडतं ते कळावं म्हणून. टोक कुठल्या बाजूला हे ऑफिसला विचारून घ्या. पण याच रेषा क्लायंटला दाखवायच्या थ्रीडी चित्रात आल्या तर शटरवर ओरखडे पडल्यासारखं दिसतं. त्यासाठी ‘ग्लोब व्ह्यू टाइप’ बघायचा. प्लॅनला त्याची किंमत २, थ्रीडी खिडकीला ३. थ्रीडी स्क्रिप्टमध्ये एवढंच लिहा की किंमत ३ असेल तर तिरक्या रेषा काढू नको.

आणि एक धोक्याची सूचना. स्केल आणि व्ह्यू बघण्याच्या या अटी टूडी आणि थ्रीडी स्क्रिप्टमध्येच ठेवा. पॅरामीटर स्क्रिप्टमध्ये घालू नका. पॅरामीटरची किंमत ऑब्जेक्टसोबत साठवली जाते, ती सगळ्या व्ह्यूंसाठी एकच असते. तिथे तुम्ही ‘स्केल १०० असेल तर ट्रॉली दाखवा बंद’ असं लिहिलंत तर १:१०० मध्ये बंद झालेली ट्रॉली १:२० मध्येही बंदच राहू शकते. मास्टर स्क्रिप्टमध्येही नको, कारण ती इतर प्रत्येक स्क्रिप्टच्या आधी चालते, पॅरामीटर स्क्रिप्टच्याही. व्हिडिओत मी हे बोललोच नाही, म्हणून इथे मुद्दाम.

वापरणाऱ्याला बटण कसं द्यायचं? नुसतं चालू-बंद देऊ नका. ‘व्हॅल्यूज’ कमांडने तीन पर्याय द्या: ‘स्केलप्रमाणे’, ‘नेहमी’, ‘कधीच नाही’. सुरुवातीला ‘स्केलप्रमाणे’ ठेवा. दहातले नऊ जण त्याला हातच लावणार नाहीत. पण एखाद्याला १:१०० च्या प्लॅनमध्येही ट्रॉली दाखवायची असेल, प्रेझेंटेशनसाठी वगैरे, तर त्याला वाट असेल. आणि ‘ट्रॉली आहे’ बंद असेल तर ‘ट्रॉली दाखवा’ची ओळ ‘हाइडपॅरामीटर’ने यादीतून लपवा. नाहीतर समोरचा माणूस नसलेल्या ट्रॉलीला दाखवायचा प्रयत्न करत बसतो आणि तुम्हाला फोन करतो.

आता धंद्याचं बोलू, कारण शेवटी त्यासाठीच आपण इथे आहोत.

नवीन लोक ऑब्जेक्टप्रमाणे दर सांगतात. एक कपाट इतके, एक खिडकी इतके. मग क्लायंट म्हणतो, ‘अहो, छोटंसं तर आहे.’ तुम्ही पहिल्या भेटीत कागद काढा आणि तीन प्रश्न विचारा. तुमची कुठली कुठली ड्रॉइंग निघतात आणि कुठल्या स्केलला? प्रत्येकात या वस्तूचं काय दिसलं पाहिजे? आणि यादीत कशाकशाची मोजणी हवी? एका कागदावर आडव्या ओळीत भाग लिहा, उभ्या ओळीत ड्रॉइंग, आणि समोर बसूनच प्रत्येक चौकटीत ‘हो’ किंवा ‘नाही’ भरून घ्या. या तक्त्यावर त्यांची सही घ्या. तुमचं कोटेशन या तक्त्यावरून करा. किती भाग, किती ड्रॉइंग, किती अटी. मग ‘छोटंसं तर आहे’ कोणी म्हणत नाही, कारण काम त्यांना डोळ्यासमोर दिसतं. पुढे कोणी म्हणालं की आम्हाला १:५० मध्ये हँडलही हवं होतं, तर तक्ता काढून दाखवता येतो. तो बदल मग वाढीव काम धरायचा. भांडण नाही, कटकट नाही.

हा तक्ता भरताना एक गोष्ट नेहमी होते. आर्किटेक्ट साहेब म्हणतात ‘हे नको’, आणि शेजारी बसलेला ड्राफ्ट्समन हळूच म्हणतो, ‘सर, साइटवर ते विचारतात.’ त्या माणसाकडे लक्ष द्या. तुमचा ऑब्जेक्ट रोज तोच वापरणार आहे. त्याला साहेबांसमोर बोलायला अवघड जात असेल तर नंतर पाच मिनिटं त्याच्याशी वेगळं बोला. आमच्या सगळ्यात उपयोगी सूचना तिथूनच आल्या.

काम देण्याआधी मी एक चाचणी घेतो. एका रिकाम्या फाइलमध्ये तोच ऑब्जेक्ट एकदाच ठेवायचा. १:१००, १:५० आणि १:२० असे तीन प्लॅन, एक एलिव्हेशन आणि एक थ्रीडी चित्र एका लेआउटवर लावायचं आणि कागदावर प्रिंट काढायची. स्क्रीनवर झूम करून सगळंच छान दिसतं, फसवणूक तिथेच होते. मग प्रत्येक ‘दाखवा’ एकेक करून बंद करायचं आणि दर वेळी यादी काढायची. ‘दाखवा’ बंद केल्यावर यादीतला एक जरी आकडा हलला तर ऑब्जेक्ट परत टेबलावर. ४२ आहेत तर ४२ च राहिले पाहिजेत. ती प्रिंट आणि यादी मी बिलासोबत जोडून देतो.

पुढच्या व्हिडिओत खिडकी घेऊ. सरकती खिडकी, जाळीसकट. जाळी प्लॅनमध्ये किती दाखवायची यावर तोपर्यंत तुमचा तक्ता भरून ठेवा, मी माझा भरून आणतो.